उत्प्रेरणशक्ती नसलेली विकरे आणि पेशींतील संदेशवहन

प्रस्तावना

सजीवांच्या शरीरात घडणाऱ्या रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या प्रथिनांना विकरे असे म्हणतात. अन्नपचनापासून डीएनएच्या प्रतिकृतीपर्यंत शरीरातील बहुतेक महत्त्वाच्या क्रिया विकरांवाचून होऊ शकत नाहीत. पाठ्यपुस्तकांत विकरांची ओळख सामान्यतः कुलूप आणि किल्ली या दृष्टान्ताने करून दिली जाते. विकराच्या रेणूत एक विशिष्ट खाच असते. तिच्यात योग्य आकाराचा रेणू बसतो, त्याच्यात रासायनिक बदल होतो आणि तो बाहेर पडतो. या खाचेला क्रियास्थल म्हणतात. विकर हे शेकडो अमिनो आम्लांची साखळी असले तरी प्रत्यक्ष क्रिया घडविण्याचे काम क्रियास्थलातील मोजकी अमिनो आम्लेच करतात. त्यांपैकी एखादे बदलले तर विकराची उत्प्रेरणशक्ती नाहीशी होते किंवा अत्यंत क्षीण होते.

हे विधान रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. मात्र त्यावरून "शक्ती गेली म्हणजे प्रथिन निरुपयोगी झाले" असा जो निष्कर्ष काढला जाई, तो चुकीचा ठरला आहे. मानवी शरीरात अशी कितीतरी प्रथिने आहेत, की ज्यांची एकंदर घडण विकरासारखी आहे, परंतु क्रियास्थलातील आवश्यक अमिनो आम्ले त्यांच्यात नाहीत. माशांपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत ही प्रथिने टिकून आहेत. जे खरोखरच निरुपयोगी असते ते उत्क्रांतीच्या ओघात झिजून जाते. मग ही प्रथिने का टिकली? त्यांना छद्मविकरे असे म्हणतात. ती काय करतात, पेशींतील संदेशवहनात त्यांचे स्थान कोणते, रोगनिदान आणि औषधोपचार यांच्याशी त्यांचा संबंध कसा येतो आणि एखाद्या प्रथिनाला क्रियाहीन ठरविताना कोणती दक्षता घ्यावी लागते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संदेशवहन आणि कायनेजे

संप्रेरके, वाढीचे घटक किंवा रोगप्रतिकार यंत्रणेतील रेणू पेशीजवळ आले की पेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिने त्यांना टिपतात. तेथून संदेश पेशीच्या आत, बहुधा केंद्रकापर्यंत, पोहोचवावा लागतो. हे काम प्रथिनांची एक साखळी करते. एका प्रथिनाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागे करावे, असा हा क्रम असतो. जागे करण्याची सर्वांत प्रचलित खूण म्हणजे फॉस्फेटचा गट होय. एटीपी या रेणूवरील फॉस्फेट उचलून तो दुसऱ्या प्रथिनावर बसविणाऱ्या विकरांना कायनेजे म्हणतात. बसविलेला फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांना फॉस्फटेजे म्हणतात. फॉस्फेट लावण्या-काढण्याच्या या क्रियेचा शोध एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात लावला. त्याबद्दल त्यांना १९९२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९१ साली अमेरिकेतील सुसान टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथिन कायनेज-ए' या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यावरून कायनेजाची घडण स्पष्ट झाली. एक लहान आणि एक मोठा असे दोन भाग असतात आणि त्यांच्यामधील फटीत एटीपी बसतो. या घडणीत तीन अमिनो आम्ले विशेष महत्त्वाची आहेत. ७२ व्या स्थानावरील लायसिन एटीपीला योग्य जागी धरून ठेवते. १८४ व्या स्थानावरील अस्पार्टिक आम्ल मॅग्नेशियमच्या साह्याने फॉस्फेटला नेमक्या स्थितीत आणते. १६६ व्या स्थानावरील अस्पार्टिक आम्ल प्रत्यक्ष फॉस्फेट हलविण्याच्या क्रियेत भाग घेते. इतर कायनेजांत या स्थानांचे क्रमांक वेगळे असतात, पण अमिनो आम्ले तीच असतात.

मानवी जनुकसंचाचा आराखडा हाती आल्यावर २००२ साली जेरार्ड मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी माणसातील सर्व प्रथिन-कायनेजांची मोजदाद केली. संख्या ५१८ भरली. या यादीतील सुमारे ५० प्रथिनांत वरील तीनपैकी किमान एक अमिनो आम्ल नव्हते. म्हणजे दर दहा कायनेजांमागे जवळजवळ एक छद्मकायनेज होते. इतके मोठे प्रमाण निसर्गाच्या हलगर्जीपणाचे फळ म्हणून सोडून देणे शक्य नव्हते.

एक जुने उदाहरण

शक्ती गमावलेल्या घडणीचा दुसऱ्या कामासाठी उपयोग होतो, ही कल्पना तशी अगदी नवी नाही. तिचे एक उदाहरण दुधात सापडते. अश्रू आणि लाळ यांत लायसोझाइम नावाचे विकर असते. ते जिवाणूंच्या भित्तिका तोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले होते. दुधातील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन या प्रथिनाची अमिनो आम्लांची साखळी लायसोझाइमच्या साखळीशी बरीच जुळते, हे १९६७ च्या सुमारास लक्षात आले. मात्र अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन जिवाणूंच्या भित्तिका तोडत नाही. ते स्तनग्रंथीतील एका वेगळ्या विकराला जाऊन चिकटते. त्यामुळे ते विकर ग्लुकोज सहजपणे स्वीकारू लागते आणि दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, तयार होते.

असे का घडते याचे स्पष्टीकरण जनुकांच्या द्विगुणनात आहे. कधीकधी एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ प्रत आपले काम करीत राहिल्याने दुसऱ्या प्रतीवर कामाचे बंधन राहत नाही. तिच्यातील बदल जीवाला घातक ठरत नाहीत आणि काही बदल एखाद्या नव्या कामास उपयुक्त ठरतात. उत्प्रेरणशक्ती जाते, पण इतर प्रथिनांशी जुळण्याची, रेणू धरून ठेवण्याची आणि आकार बदलण्याची क्षमता उरते. संदेशवहनाला नेमक्या याच क्षमता लागतात.

जेएके-२ : लगाम धरणारा खंड

छद्मकायनेजांचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखविणारे उदाहरण जेएके-२ या प्रथिनाचे आहे. जेएके कुटुंबात माणसात चार प्रथिने आहेत : जेएके-१, जेएके-२, जेएके-३ आणि टीवायके-२. रोमन पुराणकथांतील जेनस या दोन तोंडांच्या देवतेवरून या कुटुंबाला जेनस कायनेज हे नाव मिळाले, कारण या प्रथिनांत कायनेजासारखे दोन खंड एकापुढे एक असतात. त्यांपैकी जेएच-१ हा खरा काम करणारा खंड आहे. त्याच्या शेजारच्या जेएच-२ या खंडाची घडण कायनेजाची असली तरी त्यात उत्प्रेरणाला लागणारे अस्पार्टिक आम्ल नाही. त्यामुळे तो छद्मकायनेज मानला गेला.

रक्ताच्या निर्मितीत जेएके-२ ची भूमिका मोठी आहे. रक्तातील प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. ते अस्थिमज्जेतील पेशींच्या ग्राही प्रथिनांना चिकटते. ग्राही प्रथिनाच्या आतल्या टोकाला जेएके-२ जोडलेले असते. संप्रेरक आले की दोन जेएके-२ रेणू योग्य रीतीने समोरासमोर येतात, परस्परांवर फॉस्फेट बसवितात, पुढे स्टॅट या प्रथिनांना जागे करतात आणि तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश केंद्रकात पोहोचतो. संप्रेरक नसेल तेव्हा ही यंत्रणा शांत असली पाहिजे. ती शांत ठेवण्याचे काम जेएच-२ खंड करतो. हा खंड जेएच-१ ला लगाम घालून ठेवतो.

लगाम तुटला तर काय होते, हे २००५ साली जगासमोर आले. केंब्रिज, पॅरिस, बाझेल आणि बोस्टन येथील चार संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी एक बदल नोंदविला. जेएके-२ मधील ६१७ व्या स्थानावर व्हॅलिनऐवजी फिनिलॲलनिन आलेले होते. हे स्थान काम करणाऱ्या जेएच-१ मध्ये नसून जेएच-२ मध्ये आहे. पॉलिसायथेमिया व्हेरा या रोगात अस्थिमज्जा गरज नसताना तांबड्या पेशी तयार करीत राहते. या रोगाच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल आढळतो. रक्तकणिका वाढण्याच्या एका रोगात आणि अस्थिमज्जेत तंतू माजण्याच्या मायलोफायब्रोसिस या रोगात तो साधारण निम्म्या रुग्णांत आढळतो. हा बदल सामान्यतः आईवडिलांकडून येत नाही. तो आयुष्यात पुढे केव्हातरी अस्थिमज्जेतील एखाद्या मूळपेशीत घडतो आणि त्या पेशीची संतती वाढत जाते.

या शोधाचा रुग्णांच्या दृष्टीने अर्थ मोठा होता. पॉलिसायथेमिया व्हेरात रक्त दाट होते. डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, आंघोळीनंतर अंगाला खाज अशा वरवर साध्या वाटणाऱ्या तक्रारींमागे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. दुसरीकडे, तांबड्या पेशी धूम्रपानाने, फुप्फुसाच्या रोगाने किंवा उंच डोंगराळ प्रदेशात राहिल्यानेही वाढतात. पूर्वी ही सर्व कारणे एकेक वगळत निदान करावे लागे. २००५ नंतर रक्ताच्या नमुन्यातील एका जनुकीय तपासणीने हा पेच बराचसा सुटू लागला. २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या निदानाच्या निकषांत या तपासणीचा समावेश आहे. निदान वेळेवर झाले तर ठरावीक काळाने रक्त काढणे, ॲस्पिरिनची लहान मात्रा आणि गरजेनुसार इतर औषधे यांनी गुठळीचा धोका कमी करता येतो. ज्या खंडाला काही काळ केवळ पोकळ सांगाडा समजले गेले, त्यातील एका अमिनो आम्लावर हे सर्व अवलंबून होते.

जेएच-२ विषयीची माहिती पुढेही बदलत गेली. २०११ साली असे दिसून आले, की हा खंड पूर्णतः क्रियाहीन नसून जेएके-२ मधीलच दोन ठिकाणी अत्यंत मंद गतीने फॉस्फेट बसवितो आणि तेही लगाम घट्ट करण्यासाठीच. २०२२ साली जेएके-१ च्या संपूर्ण रेणूची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहता आली. तिच्यात असाच बदल झालेले दोन रेणू आपापल्या छद्मकायनेज खंडांनीच परस्परांना चिकटलेले होते आणि बदललेले अमिनो आम्ल नेमके त्या सांध्यावर होते. म्हणजे या बदलामुळे, संप्रेरकाने घडवून आणावयाची जवळीक संप्रेरकावाचूनच सुलभ होते.

एचईआर-३ : स्वतः न करता करवून घेणारे प्रथिन

दुसरे उदाहरण कर्करोगशास्त्रातील आहे. पेशीपटलावरील एचईआर कुटुंबात चार ग्राही प्रथिने आहेत. त्यांपैकी एचईआर-३ ची ओळख १९८९ साली पटली. त्याच्या कायनेज खंडात उत्प्रेरणाच्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजिन आहे. याच कुटुंबातील एचईआर-२ ची स्थिती उलट आहे. त्याचा कायनेज खंड जोमदार आहे, पण त्याला थेट चिकटणारा कोणताही संदेशवाहक रेणू माहीत नाही. थोडक्यात, एकाला संदेश घेता येतो पण काम करता येत नाही, तर दुसऱ्याला काम करता येते पण संदेश घेता येत नाही. हे दोघे एकत्र आले की वाढीचा अत्यंत प्रभावी संदेश निर्माण होतो.

हे कसे घडते, याचा उलगडा २००६ साली जॉन कुरियन यांच्या गटाच्या कामातून झाला. या कुटुंबातील दोन कायनेज खंड जोडी करतात तेव्हा त्यांची स्थिती समान नसते. एक खंड दुसऱ्याला बाजूने रेटून त्याचा आकार बदलतो आणि त्याला कामाला लावतो. रेटणाऱ्याने स्वतः फॉस्फेट बसविण्याची गरजच नसते. बांधकामावरचा मुकादम स्वतः कुदळ मारीत नाही, पण त्याच्यावाचून कामही चालत नाही, तसाच हा प्रकार आहे. एचईआर-३ हे असे रेटणारे प्रथिन आहे. शिवाय त्याच्या शेपटीवर एचईआर-२ ने फॉस्फेट बसविले की पीआय-३ कायनेज या विकराला चिकटण्यासाठी तेथे सहा जागा तयार होतात. पेशीला जगण्याचा आणि वाढण्याचा संदेश देणारा हा महत्त्वाचा मार्ग आहे. एचईआर-३ ला एटीपी धरता येतो आणि अत्यंत क्षीण प्रमाणात फॉस्फेटही बसविता येतो, असे २०१० साली दाखविण्यात आले. तथापि संदेशवहनातील त्याची मुख्य भूमिका जोडीदाराची आहे.

स्तनाच्या काही कर्करोगांत एचईआर-२ चे प्रमाण फार वाढलेले असते. त्याविरुद्ध ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. २०१२ साली मान्य झालेले पर्टुझुमॅब हे औषध एचईआर-२ च्या जोडी जमविणाऱ्या भागाला चिकटते आणि एचईआर-३ सारख्या जोडीदाराशी त्याची जोडी होऊ देत नाही. विकराची क्रिया न थांबवता दोन प्रथिनांची भेट रोखणे हा या उपचाराचा गाभा आहे.

स्ट्रॅड आणि एमएलकेएल

एलकेबी-१ हे कायनेज पेशीतील ऊर्जेच्या हिशेबाशी निगडित आहे. ऊर्जा कमी पडली की एलकेबी-१ च्या द्वारे एएमपीके हे विकर जागे होते आणि पेशीची उधळपट्टी थांबते. एलकेबी-१ मधील दोषामुळे आतड्यात गाठी निर्माण करणारा आणि कर्करोगाचा धोका वाढविणारा एक आनुवंशिक रोग होतो, हे १९९८ पासून माहीत आहे. परंतु एलकेबी-१ एकटे असताना जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला स्ट्रॅड या छद्मकायनेजाची साथ लागते, हे २००३ साली कळले. पुढे २००९ साली तिघांच्या, म्हणजे एलकेबी-१, स्ट्रॅड आणि एमओ-२५ यांच्या, संयुक्त रचनेतून खुलासा झाला. स्ट्रॅड एटीपी धरतो, पण त्याचा फॉस्फेट कोणालाही देत नाही. एटीपी आणि एमओ-२५ यांच्या आधाराने तो काम करणाऱ्या कायनेजासारखा ताठ आकार धारण करतो आणि त्या आकारानेच एलकेबी-१ ला कार्यक्षम स्थितीत धरून ठेवतो. येथे एटीपी हे इंधन राहत नाही, ते पाचरीसारखे वापरले जाते.

ही साथ नसेल तर काय होते, याचे दुःखद उत्तर २००७ साली अमेरिकेतील जुन्या पंथाच्या मेनोनाइट समाजातील मुलांच्या अभ्यासातून मिळाले. स्ट्रॅडच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींतील भाग गळालेल्या या मुलांत मेंदूचा आकार मोठा होता. त्यांना लहानपणापासून अपस्माराचे तीव्र झटके येत होते आणि त्यांचा विकास खुंटलेला होता. स्ट्रॅडच्या अभावी एमटॉर हा वाढीचा मार्ग अनिर्बंध होतो, हे ध्यानात घेऊन पाच मुलांना तो मार्ग रोखणारे सिरोलिमस हे औषध देण्यात आले. त्यांचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

एमएलकेएल या छद्मकायनेजाचे काम वेगळेच आहे. विषाणूंनी किंवा दाहाने ग्रासलेल्या पेशीला कधीकधी स्वतःला फोडून घेऊन मरावे लागते. या मरणप्रकाराला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. त्यात आरआयपीके-३ हे खरे कायनेज एमएलकेएलवर फॉस्फेट बसविते, हे २०१२ साली सिद्ध झाले. फॉस्फेट बसताच एमएलकेएलच्या छद्मकायनेज खंडाचा आकार बदलतो आणि त्याने अडवून धरलेला दुसरा भाग मोकळा होतो. असे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीपटलाकडे जातात आणि ते फोडतात. या ठिकाणी छद्मकायनेज हे विजेच्या बटणासारखे आहे. बटण वीज निर्माण करीत नाही, पण दिवा लागणे न लागणे त्याच्यावर ठरते.

कायनेजांच्या पलीकडे

हा प्रकार कायनेजांपुरता मर्यादित नाही. फॉस्फेट काढणाऱ्या विकरांतही छद्मप्रथिने आहेत. १९९५ साली वर्णिलेल्या स्टिक्स या प्रथिनात क्रियास्थलातील सिस्टीनच्या जागी ग्लायसिन आहे. ते एक अमिनो आम्ल प्रयोगशाळेत पुन्हा सिस्टीन केले की स्टिक्स फॉस्फेट काढू लागते. म्हणजे एकच बदल वगळता सारी यंत्रणा शाबूत आहे. स्टिक्स हे ईआरके या संदेशवाहक कायनेजाला केंद्रकात धरून ठेवते, असे २०१३ साली दिसून आले.

प्रथिने तोडणाऱ्या विकरांत सी-फ्लिप हे उदाहरण घेता येते. पेशीच्या नियोजित मरणाची सुरुवात करणाऱ्या कॅस्पेज-८ या विकराशी त्याचे साम्य आहे, पण त्याच्यात तोडण्याची शक्ती नाही. १९९७ साली ओळख पटलेले हे प्रथिन कॅस्पेज-८ च्या जागी जाऊन बसते आणि मरणाचा संदेश अडविते. आयरॉम-२ हे रॉम्बॉइड कुटुंबातील प्रथिनही तोडण्याची शक्ती गमावलेले आहे. ते टेस या खऱ्या विकराला पेशीच्या आतून पृष्ठभागाकडे पोहोचविते. दाह निर्माण करणारा टीएनएफ हा रेणू पेशीपासून सुटा करण्याचे काम टेस करते. त्यामुळे आयरॉम-२ नसलेल्या उंदरांच्या प्रतिकारपेशी टीएनएफ नीट सोडू शकत नाहीत, हे २०१२ साली सिद्ध झाले.

या सर्व उदाहरणांवरून छद्मविकरांच्या कामाचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात :

(१) जोडीदार विकराचा आकार बदलून त्याला चालना देणे किंवा रोखणे. उदा. एचईआर-३, स्ट्रॅड, जेएच-२ खंड.
(२) फॉस्फेट किंवा अन्य रेणू स्वीकारून स्वतःचा आकार बदलणे आणि बटणासारखे काम करणे. उदा. एमएलकेएल.
(३) खऱ्या विकराच्या जागी बसून त्याच्याशी स्पर्धा करणे. उदा. सी-फ्लिप.
(४) इतर प्रथिनांना एकत्र आणणे, धरून ठेवणे किंवा योग्य ठिकाणी पोहोचविणे. उदा. स्टिक्स, आयरॉम-२.

एकच प्रथिन एकाहून अधिक प्रकारांत मोडू शकते, हे अर्थातच लक्षात ठेवले पाहिजे.

घाईच्या निष्कर्षांपासून सावधानता

अमिनो आम्लांची साखळी वाचून एखाद्या प्रथिनाला क्रियाहीन ठरविणे सोपे असते, पण ते नेहमी बरोबर नसते. २००० साली सापडलेल्या डब्ल्यूएनके या कायनेजांचे नावच मुळी 'लायसिनरहित' या अर्थाचे आहे. नेहमीच्या स्थानावर लायसिन नसूनही ही कायनेजे पूर्णपणे कार्यक्षम निघाली, कारण शेजारच्या दुसऱ्या स्थानावरील लायसिन तेच काम करते. या कुटुंबातील दोन जनुकांतील दोषांमुळे आनुवंशिक उच्च रक्तदाब होतो, हे २००१ साली स्पष्ट झाले. नावावरून त्यांना मृत समजून बाजूला ठेवले असते तर रक्तदाबाच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा दुवा हरवला असता.

कास्क हे प्रथिन मॅग्नेशियम धरू शकत नाही म्हणून छद्मकायनेज मानले जाई. ते मॅग्नेशियमशिवायच काम करते, असे २००८ साली आढळले. सर्वांत आश्चर्यकारक उदाहरण सेल-ओ या प्रथिनाचे आहे. त्याच्या क्रियास्थलात एटीपी उलटा बसतो, असे २०१८ साली दिसले. परिणामी ते फॉस्फेटऐवजी एएमपी हा एटीपीचा दुसरा भाग इतर प्रथिनांवर बसविते. ते कायनेज नव्हते हे खरे, पण विकर मात्र होते. त्याचे खरे काम कोणी तपासले नव्हते इतकेच.

म्हणून अशा प्रथिनाची परीक्षा अनेक अंगांनी करावी लागते. प्रथम साखळीची इतर प्रथिनांशी तुलना करावी लागते. नंतर ते प्रथिन एटीपी किंवा धातूचे आयन धरते काय, हे पाहावे लागते. रेणू धरला तर प्रथिन उष्णतेला अधिक काळ दाद देत नाही, या तत्त्वावर आधारलेली सोपी चाचणी यासाठी वापरतात. त्यानंतर त्रिमितीय रचना आणि शेवटी जिवंत पेशीतील परिणाम तपासले जातात. या शेवटच्या टप्प्यावर एक भेद महत्त्वाचा ठरतो. प्रथिनाची केवळ उत्प्रेरणशक्ती काढून घेणे आणि संपूर्ण प्रथिनच काढून टाकणे, या दोन प्रयोगांचे परिणाम वेगळे आले, तर त्या प्रथिनाला उत्प्रेरणाबाहेरचे काही काम आहे असे समजावे. यांतील पहिली पायरी, म्हणजे साखळ्यांची तुलना, युनिप्रॉटसारख्या सर्वांना खुल्या असलेल्या माहितीसंग्रहांच्या आधारे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही करता येते. मात्र तिथेच थांबून निष्कर्ष काढू नये, हाच वरील तीन उदाहरणांचा धडा आहे.

औषधनिर्मितीतील नवी दिशा

कायनेजांवरील बहुतेक औषधे एटीपीच्या फटीत बसून विकराची क्रिया बंद करतात. २०११ साली मायलोफायब्रोसिससाठी मान्य झालेले रुक्सोलिटिनिब हे त्यांपैकीच एक आहे. ते जेएच-१ खंडाला चिकटते. या औषधांची एक मोठी अडचण अशी, की शेकडो कायनेजांची ही फट बरीचशी सारखी असते. शिवाय रुक्सोलिटिनिब बदललेल्या आणि निरोगी अशा दोन्ही जेएके-२ ना रोखते. त्यामुळे रक्तक्षय आणि रक्तकणिका कमी होणे हे दुष्परिणाम संभवतात.

छद्मकायनेज खंडाची फट मात्र बरीच वेगळी असते. या वेगळेपणाचा फायदा ड्युक्राव्हासिटिनिब या औषधात घेतला गेला. ते टीवायके-२ च्या जेएच-२ खंडाला चिकटते आणि लगाम आवळलेल्या स्थितीतच त्याला जखडून ठेवते. काम करणाऱ्या खंडाला ते स्पर्शही करीत नाही. सोरायसिस या त्वचारोगाच्या मध्यम ते तीव्र स्वरूपासाठी अमेरिकेत ते सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य झाले. जेएके-२ मधील ६१७ व्या स्थानाचा बदल असलेल्या खंडालाच नेमके गाठण्याचे प्रयत्नही चालू आहेत. तसे औषध हाती आले, तर निरोगी पेशींना धक्का न लावता रोगग्रस्त पेशींना आवरता येईल.

समारोप

विकराची ओळख त्याच्या क्रियेवरून करण्याची पद्धत रसायनशास्त्राने घालून दिली आणि ती आजही उपयुक्त आहे. परंतु पेशी ही केवळ रासायनिक भट्टी नाही, ती संदेशांची देवाणघेवाण करणारी व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत काम करणाऱ्याइतकेच महत्त्व त्याला रोखणाऱ्याला, चालना देणाऱ्याला आणि योग्य जागी नेऊन बसविणाऱ्याला असते. ही कामे छद्मविकरे करतात. जेएच-२ मधील एका अमिनो आम्लाचा बदल रक्ताचा रोग निर्माण करतो, स्ट्रॅडच्या अभावी लहान मुलांचा मेंदू नीट वाढत नाही आणि टीवायके-२ च्या क्रियाहीन खंडाला चिकटणारे औषध त्वचारोग आटोक्यात आणते. ही तीन तथ्ये या प्रथिनांचे महत्त्व पटविण्यास पुरेशी आहेत. त्याच वेळी डब्ल्यूएनके, कास्क आणि सेल-ओ यांचा अनुभव असेही सांगतो, की एखाद्या प्रथिनात काय नाही याची नोंद ही अभ्यासाची सुरुवात असते. ते प्रथिन प्रत्यक्षात काय करते, हे प्रयोगाने तपासल्याशिवाय त्याच्याविषयी अंतिम मत देता येत नाही.